एलिफंटाइन बेटावरची दप्तरे

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, आजच्या अस्वानजवळ नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर, इराणच्या हखामनी सम्राटांच्या पदरी असलेल्या ज्यू शिपायांची वसाहत होती. त्यांचे अरामी भाषेतले पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) वाचताना मला राजकारणापेक्षा संसारच अधिक खिळवून ठेवतो. इ.स.पू. ४४९ मध्ये अनन्या या देवळातील सेवकाने तामेत या इजिप्शियन दासीशी लग्न केले. त्या करारात तिने आणलेल्या वस्तू मोजून लिहिल्या आहेत: एक लोकरी वस्त्र, एक आरसा, वहाणांचा जोड, थोडे एरंडेल. नवऱ्याप्रमाणे तिलाही सभेत उभे राहून काडीमोड जाहीर करण्याची मुभा होती, हे विशेष. मात्र ती दास्यातून मुक्त झाली ती थेट इ.स.पू. ४२७ मध्ये.

इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक इराणी अधिकारी विद्रंग याला हाताशी धरून ज्यूंचे याहो देवाचे मंदिर पाडले. (मेंढ्याच्या रूपातल्या ख्नूमच्या भक्तांना वल्हांडण या ज्यू सणाला बळी दिले जाणारे कोकरू खुपत असावे, हा तर्क मला पटतो.) पुढे तीन वर्षांनी यदन्या या त्यांच्या म्होरक्याने यहुदा या जेरुसलेमभोवतालच्या प्रांताच्या सुभेदाराकडे अर्ज धाडला, त्यात त्यांनी गोणपाट नेसून उपवास धरल्याचे आणि तेल व मद्य वर्ज्य केल्याचे लिहिले. अखेर मंदिर पुन्हा उभारण्यास संमती मिळाली. त्या उत्तरात अन्नार्पण आणि धूप यांचा उल्लेख आहे, पशुहोमाचा नाही.