फॉर्मवरची पहिली चौकट आणि काकूंचं मत

३ मार्च २०२०, सुपर ट्यूसडे, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी पक्षांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निवडायचं मतदान. मी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीतल्या एका व्होट सेंटरवर चेक-इनच्या टेबलाला बसले होते. मला स्वतःला तेव्हा मत देता येत नव्हतं, ग्रीन कार्डच होतं, पण तिथे ग्रीन कार्डवाल्यांना पोल वर्कर म्हणून घेतात आणि हिंदी बोलणारी माणसं त्यांना हवीच असतात, म्हणून नाव दिलं होतं. ट्रेनिंगमध्ये मशीन, सील, रांग कशी सांभाळायची सगळं शिकवलं, पण दिवसभर खरा वेळ खाल्ला तो एकाच भानगडीने. माणूस समोर येतो, टॅबलेटवर त्याचं नाव निघतं, नावापुढे पार्टी लिहिलेली असते आणि ती पार्टी त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी ऐकलेली नसते.

भारतात राहणाऱ्यांना हे थोडं सांगायला लागेल. आपल्याकडे मतदार यादीत नाव घालायला फॉर्म ६ भरतो त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं विचारतात पण तुमचा पक्ष कुठला हे कोणी विचारत नाही, विचारलं तर आपण भांडूच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नोंदणी करतानाच पक्ष विचारतात, कारण पक्षाने उमेदवार कोण द्यायचा हे प्रायमरीत मतदार ठरवतात. कॅलिफोर्नियात २०१० च्या प्रपोझिशन १४ नंतर गव्हर्नर, काँग्रेस, राज्याचे आमदार यांच्यासाठी सगळ्यांना सगळीच नावं दिसतात, पण राष्ट्राध्यक्षाची प्रायमरी अजून पक्षाप्रमाणेच चालते. म्हणजे तुमच्या नावापुढे जी पार्टी, त्या पार्टीची मतपत्रिका.

आणि गंमत नाही, खरा घोळ इथेच आहे. फॉर्मवर पक्षांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असते, त्यात सगळ्यात वरची चौकट अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीची. ज्याला कुठल्याच पक्षाचं व्हायचं नाही त्याच्यासाठी वेगळी चौकट आहे, 'नो पार्टी / नन' अशी, पण ती यादीच्या खाली. घाईत असलेला माणूस वरून वाचत येतो, इंडिपेंडंट दिसलं की ते म्हणजे अपक्ष असं समजून खूण करून मोकळा होतो. ही पार्टी १९६७ साली निघाली, १९६८ ला हिने जॉर्ज वॉलेसला उभं केलं होतं, तोच अलाबामाचा गव्हर्नर जो काळ्यागोऱ्यांना वेगळं ठेवा म्हणायचा. आजही कट्टर उजवी आहे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने या पार्टीच्या नोंदलेल्या मतदारांना विचारून बघितलं तर चारात जवळपास तीन जणांना आपण हिच्यात आहोत हेच माहीत नव्हतं. तेव्हा हिचे मतदार जवळजवळ पाच लाख होते. एमा स्टोनसारखी नटीसुद्धा त्या यादीत निघाली.

तर दुपारी एक मराठी काका-काकू आले. माझं नाव वाचून काका थेट मराठीतच सुरू झाले, "अगं बाई, हे काय पाठवलंय बघ जरा". हातात घरी पोस्टाने आलेली मतपत्रिका, कोरी, घडी घातलेली. त्या वर्षी आमच्या काउंटीत सगळ्यांना घरी मतपत्रिका पाठवल्या होत्या. राष्ट्राध्यक्षाच्या खाली चार-पाच नावं होती, दे ला फुएन्ते, ब्लँकनशिप वगैरे. काका म्हणाले रोज रात्री डिबेट बघतो, यातला एकही माणूस कधी दिसला नाही. मी टॅबलेटवर बघितलं तर तीच पार्टी. त्यांना सांगितलं तर ते भडकलेच, "मी कुठल्या पार्टीत नाही, मी अपक्ष आहे, नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच दिवशी फॉर्म भरलाय आणि स्वच्छ लिहिलंय!" त्यांनी स्वच्छच लिहिलं होतं, चौकट चुकीची होती एवढंच.

मग त्यांना कोणाला मत द्यायचंय ते नाव त्यांनी जोरात घेतलं. मी म्हटलं काका, इथे नाव नका घेऊ, चालत नाही, फक्त कुठल्या पार्टीची पत्रिका हवी ते सांगा. नुकताच नवा कायदा झाला होता, त्यामुळे पूर्ण नोंदणी नव्याने न करता एक कागद भरून, सही करून तिथल्या तिथे पक्ष बदलता येत होता. नो पार्टीवाल्यांना डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन किंवा हीच अमेरिकन इंडिपेंडंट यांची पत्रिका मागून घेता येते, रिपब्लिकन हवी असेल तर मात्र रिपब्लिकन म्हणूनच नोंदवावं लागतं. हे सगळं मी मराठीत समजावलं, काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, सही केली, जुनी पत्रिका आम्ही रद्द केली आणि प्रिंटरमधून नवी निघाली. काका मत द्यायला गेले.

काकू तिथेच उभ्या. मी म्हटलं काकू तुमचं पण बघू का? त्या म्हणाल्या, "माझं झालं गं, मी गेल्याच आठवड्यात पोस्टात टाकलं. त्यातली नावं ओळखीची नव्हती म्हणून राष्ट्राध्यक्षाचं कोरं ठेवलं, बाकीचं भरलं." मी टॅबलेटवर बघितलं. पत्रिका पोचली होती, जमा झाली होती. दोघांनी फॉर्म एकत्रच भरला होता, एकाच टेबलावर, काकांनी जिथे खूण केली तिथेच काकूंनी केली. आता काही करता येत नव्हतं. एकदा पोचलेलं मत परत मिळत नाही आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही दोनदा मत देईल. मी सुपरवायझरला विचारलं तरीसुद्धा, तिने पण मान हलवली.

मला त्या क्षणी इतका राग आला की काय सांगू. काकू सत्तरीच्या, नागरिक झाल्यावर त्यांची ही पहिली राष्ट्राध्यक्षाची प्रायमरी, त्याच पत्रिकेवर शाळेसाठी कर्ज काढायच्या बॉण्डपासून जज निवडण्यापर्यंत जे जे होतं ते सगळं नीट वाचून भरलेलं. ज्यासाठी एवढा मोठा दिवस असतो तेवढंच हातातून गेलं. लोक म्हणतात वाचायला नको का नीट. अहो, लाखो लोक जेव्हा एकाच जागी अडखळतात तेव्हा दोष त्या जागेचा असतो. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा पास केला होता की पार्टीच्या नावात 'इंडिपेंडंट' हा शब्द वापरता येणार नाही, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला, म्हणजे सही नाकारली, कारण दिलं की पक्षाचं नाव बदलायला लावणं घटनेत बसणार नाही. ते एक वेळ मान्य करू. पण मग 'मला पक्ष नको' ही चौकट यादीच्या वर घ्या, ठळक करा, त्याला कुठली घटना आड येते?

काकू रागावल्या नाहीत. मी त्यांना नोंदणीचा नवा फॉर्म दिला, तिथेच खुर्चीवर बसून भरला त्यांनी, यावेळी प्रत्येक चौकट मला दाखवून. मागे रांग लांबली होती, एक जण घड्याळ बघत होता, मी त्याला म्हटलं दोन मिनिटं थांबा प्लीज. फॉर्म देताना त्यांनी विचारलं, "नोव्हेंबरला तरी सगळी नावं असतील ना?" मी म्हटलं हो काकू, नोव्हेंबरला पक्षाचा काही संबंध नाही, तुमच्या गल्लीत सगळ्यांना एकच पत्रिका येणार, त्यात सगळी नावं. "मग तेव्हा पोस्टात नाही टाकणार," त्या म्हणाल्या, "इथेच येईन, कोणाला तरी विचारून भरेन."