थिऑलॉजी शिकायला सेमिनरीतच जावं लागतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. नोकरी, शेती, घरदार सोडून काही वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या विद्यालयात, राहणं जमणार नाही, मग आमच्यासारख्यांनी थिऑलॉजी, म्हणजे देवाविषयीचं शास्त्र, शिकायचीच नाही का, हा प्रश्न मंडळीत (चर्चच्या लोकांत) कुणी ना कुणी विचारतंच.

शिका की. १९६३ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या सेमिनरीने विद्यार्थ्यांना आपल्याकडे बोलावण्याऐवजी शिक्षकांनाच गावोगाव पाठवायला सुरुवात केली. मंडळ्या खरोखर सांभाळणारी माणसं प्रपंचात अडकलेली होती, ती वसतिगृहात कुठून येणार? भारतात १९७१ पासून बंगळूरची टॅफ्टी (TAFTEE) ही संस्था याच वाटेने शिकवते. पदवीच हवी असेल तर थिऑलॉजीच्या पदव्या देणाऱ्या, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रम आहेत. पण सुरुवात पदवीपासून करू नका.

सुरुवात बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्काने सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून, करा. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रोज अर्धा तास घरी, आठवड्यातून पाच दिवस, आणि मग गटाची दीड तासाची बैठक. माणसं आठ ते दहा. बारापुढे गेलात की मागच्या रांगेतले नुसती मान डोलावतात.

घरी काय करायचं? मार्क २:१-१२ (दुसरा अध्याय, ओवी १ ते १२) घ्या, पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात तो उतारा. तीन प्रश्न वहीत लिहा. छप्पर कसं उघडलं? बरं व्हायला आलेल्याला येशू आधी काय म्हणतो? शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, नेमके कशावर अडतात? माळवदाच्या घरात वाढलेल्याला पहिला प्रश्न लगेच उमगतो: मातीचं छप्पर, ते उकरलंच असणार. स्लॅबखाली राहणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. मग कुणीतरी लूक ५ उघडतं आणि म्हणतं, इथे तर कौलं आहेत! उत्तर देऊन टाकायची घाई करू नका. दोन शुभवर्तमानं एकच प्रसंग वेगळ्या तपशिलाने का सांगतात, हा सेमिनरीतलाच प्रश्न आहे, आणि तो आता तुमच्या ओसरीवर आलाय. तिसऱ्या प्रश्नाने तर गाभ्यालाच हात घातला जातो: पापांची क्षमा देवच करू शकतो, मग ती करणारा हा येशू कोण? ख्रिस्ताविषयीची शिकवण हे प्रकरण वेगळं शिकवायची गरजच उरत नाही.

जोडीला बायबलचं दुसरं मराठी भाषांतर ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून केलेलं, १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पूर्ण छापून निघालेलं बायबल त्यांनी साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच केलं होतं. एखादा शब्द दोन ठिकाणी वेगळा दिसला की तिथे थांबा.

गट बिघडतो तो बहुतेक गटप्रमुखामुळे. अभ्यास न करता चार जण आले की बैठक रेंगाळते, ती सावरायला तो बोलू लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचं प्रवचन झालेलं असतं. एकदा हे झालं की घरी वही कोण उघडणार? त्यापेक्षा वही कोरी असलेल्यांना पहिली पंधरा मिनिटं उतारा वाचायला द्या. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा. ती शांतता जड जाते, पण दहाच्या आत कुणी ना कुणी बोलतंच. पाळकसाहेबांनी पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला यावं. दर आठवड्याला बसले तर सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघतात. पुरुष उत्तरं देतात आणि बायका ऐकतात हेही होतंच. त्यावर उपाय सोपा: उत्तर तोंडी मागू नका, वहीतलं वाचायला सांगा, डावीकडून एकेकाने.

गाळलेल्या जागांच्या पुस्तिकांवर फार भिस्त ठेवू नये. वरच्या ओळीतला शब्द खाली उतरवला की जागा भरते, समजलं काहीच नसतं. प्रत्येक धड्याला एक तरी प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर पुस्तिकेत नाहीच: आपल्या मंडळीत आजाऱ्याला उचलून आणणारे चौघे कोण?

जुलैत सुरू करा, बारा-चौदा आठवड्यांत आटपा. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीवाले गाव सोडतात आणि डिसेंबरात नाताळाच्या तयारीत कुणालाच फुरसत नसते. प्रश्नांचे कागद १४ पॉइंटपेक्षा बारीक छापू नका. संध्याकाळच्या बैठकीला निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात.