चढावर थांबणारा ट्रॅक्टर

मे महिन्यात ओहायोतलं गवत कुणासाठी थांबत नाही. आठवडाभर दुर्लक्ष केलं की घोट्याच्या वर येतं. अशा ऐन हंगामात, गेल्या शनिवारी, घरामागच्या चढावर आमचा गवत कापायचा ट्रॅक्टर थांबला. इंजिन व्यवस्थित चालू, गिअर पडलेला, पण चाकं जागची हलेनात. पाती बंद करून हळूहळू खाली आणला, तर सपाटीवर पुन्हा नीट चालायला लागला.

ट्रॅक्टर नव्वदच्या दशकातला, साडेबारा हॉर्सपॉवरचा, हाताने गिअर टाकायचा. आम्ही तो जुनाच घेतलाय. दोन वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा मी लगेच नवा पट्टा आणून बसवला होता. महिनाभर बरा चालला, मग पुन्हा तेच. या वेळी पट्टा मागवण्याआधी गडहिंग्लजला आप्पांना फोन केला. आप्पांनी पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. त्यांनी लॉन ट्रॅक्टर कधी पाहिलेला नाही, पण पट्टा त्यांना कळतो.

"अगं, पट्ट्याकडे नंतर बघ. त्याला ताण कोण देतंय ते आधी बघ."

गिरणीत हा ताण मोटर देते. पट्टा ढिला पडला की आप्पा बोल्ट सैल करून मोटर रुळांवर मागे सरकवायचे. या ट्रॅक्टरमध्ये ते काम एक स्प्रिंग करते. क्लच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडीतली प्लेट येते, पण इथे तशी प्लेट नाहीच. इंजिनखालच्या पुलीवरून एक लांब व्ही-पट्टा मागच्या गिअरबॉक्सच्या पुलीवर जातो. मध्ये एका हलत्या दांडीवर आयडलर पुली असते. पेडल दाबलं की दांडी मागे ओढली जाते, पट्टा ढिला पडतो आणि ब्रेकही लागतो. पेडल सोडलं की दांडी जागेवर आणून पट्टा ताणायचं काम एकट्या स्प्रिंगचं.

किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले आणि बॅटरीवर टॉर्च ठेवून खाली वाकले. नवऱ्याला पेडल दाबून सोडायला सांगितलं. दाबल्यावर दांडी सरकन मागे गेली. सोडल्यावर निम्म्या वाटेवर अडकली. मी हाताने ढकलली तेव्हा कुठे पट्टा ताणला गेला. दांडी ज्या बोल्टवर फिरते, तिथल्या बुशमध्ये (बोल्टभोवतीच्या नळीत) गंज आणि वाळलेलं गवत घट्ट बसलं होतं. सपाटीवर एवढा अर्धवट ताण पुरायचा, चढावर भार आला की पट्टा घसरायचा. घसरून घसरून त्याच्या दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. व्ही-पट्टा कडांनीच धरतो. तो पुलीच्या खाचेत तळाला टेकला तर धरणार कुठे?

स्प्रिंग काढताना चष्मा लावाच. तिचा आकडा सुटला की थेट तोंडावर येतो. बुश पॉलिश पेपरने घासून, ग्रीस लावून बसवला. आयडलरची बेअरिंग हाताने फिरवून पाहिली, खरखर नव्हती. पट्टा मात्र बदलावाच लागला, आणि तो याच कामासाठी बनवलेला घेतला. साधा पट्टा मापात बसतो, पण या क्लचमध्ये त्याला सारखं घसरावं लागतं आणि तो लवकर जळतो. गिरणीत चामड्याच्या पट्ट्याला राळ लावायचे, तसं इथे काही लावू नका.

पेडल दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकत असेल किंवा गिअर टाकताना दात करकरत असतील, तर पुलीशेजारच्या, पट्टा अडवणाऱ्या लोखंडी पट्ट्या वाकल्यात का ते पाहा. आणि हे आजच पाहा, घरात मुलं असतील तर नक्कीच.

एका मैत्रिणीच्या ट्रॅक्टरचा घोळ निराळाच निघाला. पट्टा घट्ट, गिअरबॉक्सची पुली फिरतेय, तरी ट्रॅक्टर ढिम्म. तिने गिअरबॉक्स बिघडला असं धरून ट्रॅक्टर भंगारात काढायचं ठरवलं होतं. मी मागच्या दोन्ही चाकांच्या हबवरून एक्सलपर्यंत खडूने रेघ ओढली. पेडल सोडल्यावर डावीकडची रेघ तुटली: एक्सल फिरला, चाक नाही. चाकाला एक्सलशी जखडणारी आतली चौकोनी 'की' (लोखंडी खुंटी) कापली गेली होती. दोन्ही चाकांना गती वाटून देणारं डिफरेन्शियल अशा वेळी सगळी गती त्या मोकळ्या एक्सलकडे पाठवतं, म्हणून दुसरं धडधाकट चाकही हलत नव्हतं. बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा बसवला आणि तिचा ट्रॅक्टर चालू झाला.

आमचा रविवारी संध्याकाळी चढ चढला. आप्पांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "बुशाला ग्रीस कितीदा लावतेस?"

हंगामाच्या सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा. गॅरेजच्या दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.