तेरावा महिना आणि सकाळचे बारा

इथिओपिया म्हटलं की आपल्याला फार तर मॅरेथॉनचे धावपटू आठवतात. खरं तर हा देश अगदीच परका म्हणता येणार नाही. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर मूळचा तिथलाच. तरी तिकडे निघताना ठिकाणांच्या यादीला जरा थांबवावं. लालिबेलाची अखंड खडकातून कोरलेली अकरा चर्च आठशे वर्षं उभी आहेत, ती कुठे पळून जात नाहीत. बस मात्र जाते. म्हणून आधी घड्याळ शिकून घ्यावं.

तिथे तासांची मोजणी उजाडल्यावर सुरू होते. देश विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य बाराही महिने सहाच्या आगेमागे उगवतो, तेव्हा तिथूनच मोजलेलं सोयीचं. आपल्या सकाळच्या सातला त्यांचा एक वाजतो. हिशेब करत बसायची गरज नाही. आपल्या घड्याळात तासकाटा ज्या आकड्यावर असेल, त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. आठ वाजलेत? समोर दोन. झालं. विमानाच्या तिकिटावर आपल्या ओळखीचीच वेळ असते. घोळ होतो तो बसस्टँडवर आणि ड्रायव्हरशी बोलताना. ‘उद्या सकाळी बाराला’ म्हणजे सहाला. दुपारी बाराला सामानासकट पोचलेल्या माणसाची गाडी सहा तासांपूर्वीच सुटलेली असते. वेळ ठरवताना ती ‘फेरेंज’, म्हणजे परदेशी माणसाची, की स्थानिक, एवढं विचारून घेतलं की भागतं.

कॅलेंडरचीही तीच गत. आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो, तिथे दरवर्षी येतो. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर उरलेल्या पाच-सहा दिवसांचा ‘पागुमे’. नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं, क्वचित १२ला. २०२५च्या सप्टेंबरात तिकडे २०१८ सुरू झालं. तेव्हा हाताने लिहिलेल्या पावतीवर सात-आठ वर्षं जुनी तारीख दिसली तर भांडायला उठू नये. नाताळ ७ जानेवारीला आणि तिमकत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, १९च्या सुमारास. या दिवसांत लालिबेलात यात्रेकरूंची रीघ लागते, खोल्या आधीच भरलेल्या असतात. पाऊस जून ते सप्टेंबर. जुलै-ऑगस्ट तर टाळलेलेच बरे.

शाकाहारी माणसाने पोटाची काळजी करण्याआधी वार बघावा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, शिवाय ईस्टरआधी सलग ५५ दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. डाळ, भाजी, भाकरी चालते. साबुदाण्याच्या नावाने उपासाला जास्तच जेवणाऱ्या आपल्या मंडळींना हे जरा कोरडं वाटेल, पण ‘बेयायनेतू’ मागवून बघा. टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची भली मोठी, जाळीदार, आंबट इंजेरा, तिच्यावर मसूर, पालेभाजी, बटाटा-कोबी यांचे ढीग, आणि मधोमध शिरो. हा गोड नव्हे. हरभऱ्याच्या पिठात बेरबेरे हा तिखट मसाला घालून शिजवलेला, पिठल्याचा लांबचा भाऊ. खायचं उजव्या हाताने, इंजेराचा तुकडा तोडून, त्यातच भाजी पकडून.

इतर दिवशी ‘येत्सोम’, म्हणजे उपासाचं, असं सांगून मागावं, नाहीतर त्याच शिरोत लोणी पडतं, कधी मांसाचे तुकडेही. मासे काही जण उपासाला चालवून घेतात, तेवढं वेगळं विचारावं. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारही सुटलेले असतात, तेव्हा लहान गावात शाकाहारी थाळी मिळवायला शोधाशोध पडते.

जुन्या पुस्तकांतल्या किमतींवर बजेट आखू नये. जुलै २०२४मध्ये बिरचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर बाजारावर सोडला आणि तो धाडकन कोसळला. अदिस अबाबा २,३०० मीटरहून उंच, म्हणून पहिल्या दिवशी जिने चढताना दम लागतो आणि रात्री स्वेटर लागतो. लालिबेला अम्हारा प्रांतात आहे. तिथे २०२३पासून अशांतता आहे, त्यामुळे बुकिंगआधी ताज्या बातम्या आणि आपल्या दूतावासाच्या सूचना वाचाव्यात.

आणि पीतज्वराची लस. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की जन्मभर चालते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवावं, कारण ते बघितलं जातं परतताना, आपल्याच विमानतळावर. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात, आणि तिथे कोणत्याही घड्याळाने वेळ लवकर जात नाही.