असुराचा गळा

पुण्यात एरंडवण्यातल्या आमच्या साउंड स्टुडिओत तो भुताचा सिनेमा आवाजाच्या कामासाठी आला तेव्हा चित्रीकरण, संकलन सगळं उरकलेलं होतं. गोष्ट एका तालुक्याच्या गावाची. गाळ काढायला तळं रिकामं करतात, तळाशी पुरलेला असुर मोकळा होतो आणि मग रोज रात्री कुठल्या ना कुठल्या घरातलं माणूस कडी काढून बाहेर पडतं, ते परत येत नाही. एसटी स्टँड, आठवडी बाजार, माणसं, सगळं अस्सल. खोटा वाटत होता तो एकटा असुरच.

त्याच्या आवाजात आम्ही काय काय घातलं होतं! वाघाची डरकाळी, डुकराचं किंचाळणं, पाट्यावर घासलेला वरवंटा. वेग निम्मा केला की आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरतो, त्यामुळे डुक्कर माणसासारखं विव्हळायला लागतं. स्टुडिओत खुर्च्या थरथरायच्या. तोच प्रसंग मोबाइलवर लावला की सगळं गायब, कारण इतका खालचा आवाज त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. पण माझी खरी तक्रार वेगळी होती. डरकाळी ऐकली की तो कुठे आहे ते कळतं, आणि ते कळलं की माणूस निम्मा सावरतो. दिग्दर्शकाला मात्र आवाज अजून मोठा हवा होता.

मी त्याला १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ची आठवण करून दिली. त्यात लहान मुलीच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानाला मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या अभिनेत्रीने आवाज दिला. त्यासाठी तिने कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. आणि एवढं करून सुरुवातीला पडद्यावर तिचं नावच नव्हतं, ते तिला भांडून मिळवावं लागलं. आपल्यालाही आधी गळा शोधायला हवा, असं मी म्हटलं आणि बाईंना फोन लावला.

बाई सत्तरीच्या, हयात रंगभूमीवर गेलेली. नारायण पेठेतून रिक्षाने आल्या, प्रसंग पाहिला आणि दिग्दर्शकाला विचारलं, “हा रागावलाय की भुकेला आहे रे?”

तो गप्प. संहितेत याचं उत्तर नव्हतं. जरा वेळाने म्हणाला, “भुकेला, बाई.”

“मग ओरडतोय कशाला? ज्याला काही हवं असतं तो गोड बोलतो.”

त्या आत गेल्या, माइक अगदी तोंडाशी घेतला. आपण सगळे श्वास सोडताना बोलतो. बाई श्वास आत ओढत बोलू लागल्या. असं बोलताना आवाज कोरडा, फाटका होतो, तीन-चार शब्दांत छाती भरते आणि तो लांब फेकताच येत नाही. म्हणूनच तो ऐकणाऱ्याला कानाशी आल्यासारखा वाटतो. संहितेतलं शापवाणीचं लांबलचक वाक्य त्यांनी बाजूला ठेवलं आणि घरातल्या बाईचं फक्त नाव घेतलं. “सुमन... अगं सुमन... जेवलीस का?” दिवेलागणीला ओट्यावरून पोरांना हाक मारतात ना, अगदी तोच हेल.

आमच्या मदतनीस पोराने कानावरचा हेडफोन काढून ठेवला. तो भोरकडचा. म्हणाला, “सर, आमची आजी सांगायची, रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.” खोलीतल्या प्रत्येकाने हे कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं होतं. कागदावर ते कुणीच लिहिलं नव्हतं!

दुपारी मी वाघ, डुक्कर, वरवंटा सगळं काढून टाकलं. कसबा पेठेतल्या एका रिकाम्या वाड्याचा घुमारा माझ्याकडे टिपलेला होता. चौकात फुगा फोडायचा आणि त्याचा आवाज भिंतींवरून कसा परततो ते रेकॉर्ड करायचं. त्यावरून संगणक कुठलाही आवाज त्या चौकात नेऊन ठेवतो. बाईंची पहिली हाक मी चौकात टाकली. दुसरी मागच्या स्पीकरमधून, जरा जवळ. “जेवलीस का?” वरचा घुमारा मात्र पूर्ण काढला. घुमारा नाही म्हणजे भिंतीपलीकडचं अंतर नाही. तो घरात आलेला आहे.

दिग्दर्शकाने ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि तिथूनच संकलकाला फोन केला, “त्या प्रसंगातला असुराचा चेहरा काढ. नुसती कडी दाखव.” कलाविभागाने त्या मुखवट्यात जीव ओतला होता, त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटलं. तरी तो निर्णय बरोबरच होता, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन.

बाई बाहेर कोमट पाणी पीत बसल्या होत्या. असं आत ओढून बोललं की घसा पार सुकतो, म्हणून बाकीच्या हाका मी दुसऱ्या दिवसावर टाकल्या.

“सकाळी दहाला येते,” त्या म्हणाल्या, “पण दुपारच्या आत मोकळं करा हं मला. पोरांच्या नाटकाची तालीम आहे.”