अर्धा चमचा
सिस्टरांचा लेख नवव्यांदा माझ्याकडे आला तेव्हा फाइलचं नाव 'अंतिम-नक्की-३' होतं. विषय साधा: जुलाब झालेल्या लहान मुलाला घरी साखर-मिठाचं पाणी कसं करून द्यायचं. बालरोग विभागात उभी हयात गेलेली. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण सात आठवडे लेख छापायला सोडवेना. "अजून सफाई आली नाही हो," एवढंच पालुपद.

संपादक म्हणजे चुका शोधणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं तर आमचा निम्मा वेळ लेखकाच्या मुठीतून मजकूर सोडवण्यात जातो. आणि अनुभव असा, की ज्यांना विषय येत नाही ते कधीच अडून बसत नाहीत.

नऊही खर्डे शेजारी-शेजारी लावले. पहिलं वाक्य आठ वेळा बदललेलं. 'निर्जलीकरण' की 'अंगातलं पाणी कमी होणं', यावर तीनदा घूमजाव. शेवटचा परिच्छेद वर गेला, परत खाली आला. कृतीच्या चौकटीला मात्र चौथ्या खर्ड्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता. तिथे काय चुकणार!

शेवटच्या प्रुफाला आम्ही जोडीने वाचतो. एकाच्या हातात लेखकाची सगळ्यात पहिली प्रत, दुसरा प्रूफ मोठ्याने वाचतो. पण सगळं नाही. आकडे, एककं, नावं आणि नकार, बस्स. 'नये', 'नका', 'नाही' आलं की थांबायचं. पहिलीच प्रत का, शेवटची दुरुस्त का नाही, यावरून सहकारी कुरकुरतात. दुरुस्त प्रतीशी ताडून पाहिलं तर दुरुस्तीत शिरलेली चूक दोन्हीकडे सारखीच दिसते, हे सांगून मी थकलो.

"पाणी एक लिटर." बरोबर. "साखर सहा सपाट चमचे." पहिल्या प्रतीत नुसतं 'सहा चमचे', 'सपाट' नंतरची भर, आणि योग्य भर. "मीठ एक चमचा."

पहिल्या प्रतीत 'अर्धा चमचा' होतं.

मग माग काढत गेलो. चौथ्या खर्ड्यात सिस्टरांनी 'अर्धा' खोडून '½' केलं होतं, चौकट नीटनेटकी दिसावी म्हणून. त्यांचं टंकन जुन्या फाँटमधलं. आम्ही ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतात, बदलून घेतो. जुन्या फाँटांत देवनागरी चिन्हं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात आणि ही वाटणी फाँटागणिक वेगळी. रूपांतरात जोडाक्षरं मोडली तर लगेच डोळ्यांना खुपतात; अपूर्णांक गळाला तर मागे काही उरतच नाही. इथे उरलं 'मीठ – चमचा'. ते कुणाला तरी अर्धवट वाटलं आणि त्याने मध्ये '१' घातला.

बदलांच्या नोंदीत नाव माझं होतं.

हे पाणी काम करतं ते साखर आणि मीठ आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही ओढलं जातं म्हणून. मीठ दुप्पट झालं तर मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं, झटकेही येऊ शकतात. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत व्यभिचार करू नकोस या आज्ञेतला नकारच गळाला आणि मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, हा किस्सा आमच्या धंद्यात हसत सांगतात. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

फोन केला. सिस्टर जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिलाच छापायला हवा होता?"

याचं धड उत्तर अजून मला सापडलेलं नाही. पहिल्यात शुद्धलेखनाच्या तेवीस चुका होत्या, पण मीठ बरोबर होतं; मात्र 'सपाट' नव्हतं. शीग लावलेले सहा चमचे साखर हीदेखील चूकच.

त्यांच्या नव्या प्रतीवर एकतीस खुणा होत्या. आम्ही फोनवरच त्या वेगळ्या केल्या. वाचणाऱ्याला अपाय करतील अशा दोन: मिठाचं माप, आणि उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू पाजायचं हे वाक्य, जे चुकून उलटीच्या आधी गेलं होतं. वाचणारा अडखळेल अशा पाच. उरलेल्या चोवीस फक्त सिस्टरांनाच दिसणाऱ्या. पहिल्या दोन दोघांनी तपासल्या, प्रत्येक दुरुस्तीच्या वरची-खालची ओळही वाचली. पाचांसाठी एक फेरी. चोवीसांसाठी मी वीस मिनिटं दिली, घड्याळ लावून. त्या चिडल्या. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचं बक्षीस देतात, चुका राहणारच हे धरूनच तो माणूस चाललाय, असं मी म्हटलं. "ते गणितवाले, त्यांच्या चुकीनं कुणाचं पोर आजारी पडत नाही," असं उत्तर आलं. बिनतोड. पण अठराव्या मिनिटाला प्रत आली.

लेख निघाला. तिसऱ्या दिवशी एका वाचकाचं पत्र: 'सलाइन लावताना हाताची शिर सापडत नाही' असं छापलंय. पहिली वेलांटी. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे संगणकाने बिनतक्रार पास केलेले. माप चुकलं असतं तर जुनं-नवं दोन्ही देऊन ठळक शुद्धिपत्र काढलं असतं. वेलांटी गुपचूप बदलली.

पत्र सिस्टरांना पाठवलं. या आता पुढचा लेख मागे घेणार, असं मी धरून चाललो होतो. "शिर कुणाचं सापडत नव्हतं, माझं की तुमचं?" एवढंच विचारून त्यांनी त्याच संध्याकाळी पुढच्या लेखाचा पहिला खर्डा पाठवला. वेलांट्यांचा आनंदीआनंद आहे. चौकटीतली मापं सगळी अक्षरी.