दरवाढीचा अल्बम: दीड आण्यापासून पाच रुपयांपर्यंत

पक्षी, रेल्वे, संत अशी विषयवार मांडणी मोडून स्वतंत्र भारताची तिकिटं टपालदरांच्या क्रमाने लावायला घेतली, ते काम आता बरंच पुढे सरकलंय. नियम एकच ठेवलाय: साध्या पत्राचा दर बदलला की नवं पान. त्यामुळे काही पानं भरगच्च झाली, तर काहींवर दोन-तीनच तिकिटं आहेत. ३० आणि ३५ पैशांचे टप्पे इतक्या घाईने येऊन गेले की ती पानं ओकीबोकीच राहणार.

पहिलं पान दीड आण्याचं. १५ डिसेंबर १९४७ चं अशोकस्तंभाचं तिकीट देशातल्या पत्रासाठी, तर त्याच्या जोडीचं १२ आण्यांचं विमान परदेशी हवाई टपालासाठी. १९४८ च्या गांधी संचातही दीड आणा आहेच. १९५० च्या प्रजासत्ताक संचात मात्र सर्वांत खालचं तिकीट दोन आण्यांचं. दर वाढल्याचं संच स्वतःच सांगतो, वेगळं परिपत्रक शोधावं लागत नाही. दोन आण्यांच्या या नव्या पानावर १९५६ चे लोकमान्य टिळकही आले.

सगळ्यात जास्त वेळ १९५७ च्या पानाने खाल्ला. १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि भारताच्या नकाशाची मालिका निघाली. दोन आणे म्हणजे साडेबारा नवे पैसे. अर्धा पैसा कुठून आणायचा? म्हणून १३ न.पै.चं तिकीट. हा आकडा टिकला मात्र फार थोडा. १५ ऑगस्टला झाशीच्या राणीचं तिकीट आलं ते १५ न.पै.चं, म्हणजे पत्राचा दर तोवर पंधरावर गेला होता. पण नकाशा मालिकेतलं १५ चं तिकीट १९५८ उजाडल्यावर मिळालं. मधल्या काळात लोकांनी हाताशी असेल ते जोडून भागवलं. माझ्याकडे नुकतंच आलेलं पाकीट याच काळातलं आहे: लाल १३ आणि शेजारी तिरकं चिकटवलेलं तपकिरी २. दोन्हींवर मिळून एकच शिक्का, गावाचं नाव पुसट, १९५७ मात्र स्पष्ट. विक्रेत्याने ते 'किरकोळ' खोक्यात टाकलं होतं! सुटी १३ न.पै. कुठेही मिळतात, १३ + २ चं वापरलेलं पाकीट मिळालं तर सोडू नका, आणि वाफेवर धरून तिकिटं तर मुळीच सोडवू नका.

जाता जाता एक निरीक्षण. दर सारखे हलणार असतील तर एकच चित्र ठेवून रंग आणि आकडा बदलणं छापखान्याला सोयीचं. दिसायला नकाशाची मालिका कंटाळवाणी आहे हे मान्य, पण माझ्या कामासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

यापुढच्या पानांना मराठी मंडळींनी मोठा आधार दिला. आपल्याकडे एकट्या स्मारक तिकिटाची किंमत बहुधा त्या वेळच्या पत्राच्या दराइतकी ठेवत, म्हणून चेहऱ्यांवरून दर वाचता येतो. महर्षी कर्वे १९५८ साली १५ न.पै.चे (शंभरी गाठलेले अण्णा तेव्हा हयात होते), शिवाजी महाराज १९६१ साली तेवढ्याचेच. पंधराचा दर चांगला दहाएक वर्षं टिकला. १९६८ च्या मार्चमध्ये रशियन लेखक गॉर्कीचं तिकीट १५ पैशांचं आहे, जुलैत एक लाखाव्या पोस्ट ऑफिसचं २० पैशांचं. संत नामदेव १९७० साली २० पैशांचे. जून १९७४ मध्ये राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला महाराज पुन्हा आले ते २५ पैशांवर, महात्मा फुले १९७७ साली तेवढ्याच किमतीचे. वासुदेव बळवंत फडके ५० पैसे (१९८४), बालगंधर्व ६० पैसे (१९८८). बाबासाहेबांची एक वेगळी ओळच लावलीय: १९६६ ला १५ पैसे, १९७३ ला २० पैसे, १९९१ ला एक रुपया.

नव्वदचं दशक तर धावतच सुटलं. सावित्रीबाई १९९८ साली दोन रुपयांच्या, शिवाजी महाराज १९९९ साली तीन रुपयांचे, तुकोबा फेब्रुवारी २००२ मध्ये चार रुपयांचे, आणि त्यानंतर लवकरच पाच रुपये. जुनी छापील कार्डं संपवायलाही तिकिटं जोडावी लागत. १५ पैशांच्या कार्डावर डकवलेलं सिंचनाचं १० पैशांचं तिकीट याच पानावर लावलंय. जोड विसरलात तर पत्र 'नॉटपेड', आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी.

१९७१ चं पान अजून अर्धवट आहे. बांगलादेशी निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर पाच पैशांचा जादा कर होता. त्यासाठी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'Refugee Relief' (निर्वासित मदत) असं छापलं गेलं. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली छापील तिकिटं पुरेनात तिथे स्थानिक शिक्के मारून काम चालवलं, मग डिसेंबरात स्वतंत्र तिकीट आलं. नाशिकची छपाई आणि डिसेंबरचं तिकीट दोन्ही लावली आहेत. स्थानिक शिक्क्यांबाबत मात्र हात आखडता घेतोय. रबरी शिक्का कुणीही बनवू शकतो, आणि नकली माल भरपूर फिरतो. तारीख स्पष्ट असलेल्या, खऱ्याखुऱ्या प्रवास केलेल्या पाकिटावर असेल तरच घेईन.

शेवटचं पान पाच रुपयांचं, आणि ते संपता संपत नाही. वीस ग्रॅमच्या पत्राचा दर तिथेच थांबला, पण तिकिटं काही थांबली नाहीत. लघुपत्रकं (संग्राहकांसाठीचे छोटे ताव), जोडतिकिटं (वेगवेगळ्या चित्रांची, एकमेकांना जोडून छापलेली), 'माय स्टॅम्प'चा म्हणजे आपला फोटो छापून मिळणारा १२ तिकिटांचा ३०० रुपयांचा ताव. किंमत आता पत्राच्या दरावर कमी आणि आपल्यासारख्यांच्या खिशावर जास्त बेतलेली वाटते. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळल्यावर अदलाबदलीची पाकिटं पाठवणंही महागलंय. या पानावर म्हणून फक्त प्रत्यक्ष टपालातून आलेली तिकिटं लावतोय, कोरी नाहीत.

सध्या शोधात: एप्रिल-मे १९५७ मधलं, एकट्या १३ न.पै.वर गेलेलं पाकीट, आणि १९६८ च्या दरवाढीनंतर १५ + ५ जोडलेलं कुठलंही. बदल्यात देण्यासाठी गांधी शताब्दीची २० पैशांची जादा आहेत.